लिनियर की सर्क्युलर? लेझरचं पोलरायझेशन बदलून अणूचं आयनायझेशन मोजताना काय आधी करायचं, काय नंतर

आर्गॉनवर लेझर फोकस केला, क्वार्टर वेव्ह प्लेट (लिनियर, म्हणजे एकाच रेषेत हलणारं फील्ड, सर्क्युलर, म्हणजे गोल फिरणारं, करणारी प्लेट) ४५ अंश फिरवली, आयनचा सिग्नल धाडकन खाली आला, आणि रिपोर्टमध्ये वाक्य पडलं: "सर्क्युलर पोलरायझेशनमध्ये आयनायझेशन कमी होतं." एमएससीच्या प्रोजेक्टपासून पीएचडीच्या पहिल्या वर्षापर्यंत हे वाक्य पुन्हा पुन्हा दिसतं आणि ते अर्धवट आहे. कधी सर्क्युलरमध्ये कमी होतं, कधी जास्त, कधी अगदी सारखं. नेमकं काय होणार हे तीन गोष्टींवर ठरतं: तुम्ही कुठल्या रेजीममध्ये आहात (म्हणजे आयनायझेशन कुठल्या पद्धतीने होतंय), दोन मापनांमध्ये सारखं काय ठेवलंय, आणि अणूपाशी पोहोचलेलं पोलरायझेशन खरंच तुम्हाला वाटतं तेच आहे का.

खालचं सगळं नेहमीच्या सेटअपसाठी लिहितोय: टायटॅनियम-सफायर लेझर, ८०० नॅनोमीटर, २५-३० फेम्टोसेकंदांचे पल्स, टार्गेट आर्गॉन, टाइम-ऑफ-फ्लाइट किंवा व्हीएमआय (कणांच्या वेगांचं चित्र घेणारा) डिटेक्टर. दुसरा वायू असेल तर आकडे बदलतील, क्रम तोच राहील.

टप्पा १: आधी रेजीम ओळखा

लेझर चालू करायच्या आधी कागदावर तीन आकडे काढा.

पहिला, फोटॉन किती लागतात. ८०० नॅनोमीटरचा फोटॉन १.५५ ईव्हीचा. आर्गॉनचं आयनायझेशन पोटेन्शियल १५.७६ ईव्ही, म्हणजे १० फोटॉन थोडक्यात कमी पडतात आणि किमान ११ लागतात. झेनॉनचं १२.१३ ईव्ही, तिथे ८.

दुसरा, पॉन्डरोमोटिव्ह एनर्जी, म्हणजे लेझरच्या फील्डमध्ये हलणाऱ्या मोकळ्या इलेक्ट्रॉनची सरासरी एनर्जी. इंटेन्सिटी वॅट प्रति चौरस सेंटीमीटरमध्ये घ्या, वेव्हलेंग्थ मायक्रोमीटरमध्ये घेऊन तिचा वर्ग करा, दोन्हींचा गुणाकार करून ९.३३ गुणिले १०^-१४ ने गुणा, उत्तर ईव्हीमध्ये येतं. ८०० नॅनोमीटर आणि १०^१४ इंटेन्सिटीला हे जवळपास ६ ईव्ही होतं. आणि हे लक्षात ठेवा की इंटेन्सिटी सारखी असेल तर हा आकडा लिनियर आणि सर्क्युलर दोन्हीला सारखाच येतो, इथे बरेच जण उगाच २ ने गुणतात किंवा भागतात.

तिसरा, केल्डिश गॅमा: आयनायझेशन पोटेन्शियलला पॉन्डरोमोटिव्ह एनर्जीच्या दुपटीने भागा आणि वर्गमूळ घ्या. आर्गॉनला १०^१४ वर १.१५ येतो, २ गुणिले १०^१४ वर ०.८१. एकपेक्षा बराच जास्त असेल तर मल्टिफोटॉन (इलेक्ट्रॉन अनेक फोटॉन शोषून सुटतो), बराच कमी असेल तर टनेलिंग (फील्डने वाकवलेल्या बॅरियरमधून आरपार निसटतो), आणि आपण बहुतेक वेळा मधेच कुठेतरी असतो.

आता पोलरायझेशनचा परिणाम रेजीमप्रमाणे कसा बदलतो ते बघा. एकाच फोटॉनने आयनायझेशन होत असेल (सिंक्रोट्रॉनचा एक्स-रे किंवा व्हीयूव्ही, म्हणजे व्हॅक्यूम अल्ट्राव्हायोलेट) आणि अणू कुठल्याही दिशेने आधी पोलराइझ केलेला नसेल, तर एकूण यील्ड लिनियर आणि सर्क्युलरला सारखं येतं, बदलतं ते फक्त इलेक्ट्रॉन कुठल्या दिशेला जातात ते. दोन-तीन फोटॉनच्या प्रोसेसमध्ये सर्क्युलर चक्क जास्त देऊ शकतं. दोन फोटॉनला हे गुणोत्तर जास्तीत जास्त १.५ आणि तीनला २.५ पर्यंत जातं. सीझियमच्या तीन-फोटॉन आयनायझेशनमध्ये सर्क्युलर जास्त येतं हे १९७१ मध्येच मोजलं गेलंय. फोटॉन खूप झाले की मात्र पारडं लिनियरकडे झुकतं, कारण सर्क्युलरमध्ये प्रत्येक फोटॉन इलेक्ट्रॉनला एकाच दिशेचं अँग्युलर मोमेंटम देतो, ११ फोटॉन म्हणजे ११ पायऱ्या एकाच दिशेने, वाटेतल्या कमी अँग्युलर मोमेंटमच्या रेझोनन्स लेव्हल्स वापरता येत नाहीत आणि शेवटी सेंट्रिफ्युगल बॅरियर आडवा येतो. लिनियरमध्ये इलेक्ट्रॉन वर-खाली दोन्हीकडे जाऊ शकतो, त्यामुळे वाटा जास्त.

चेक: फोटॉनची संख्या, पॉन्डरोमोटिव्ह एनर्जी आणि गॅमा हे तिन्ही आकडे लॉगबुकच्या पहिल्या पानावर आहेत का? नसतील तर पुढे जाऊ नका.

टप्पा २: "सारखं" काय ठेवायचं ते ठरवा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून जरा सावकाश वाचा.

पल्स एनर्जी, पल्सची लांबी आणि फोकस तेच ठेवून नुसती क्वार्टर वेव्ह प्लेट फिरवली तर इंटेन्सिटी तीच राहते. पण सर्क्युलरमध्ये इलेक्ट्रिक फील्ड दोन दिशांत वाटलं जातं आणि त्याची कमाल किंमत लिनियरच्या कमाल किमतीला २ च्या वर्गमूळाने, म्हणजे १.४१४ ने, भागून येते. टनेलिंगचा दर फील्डवर एक्स्पोनेन्शियल पद्धतीने अवलंबून असतो, त्यामुळे फील्ड ३० टक्के कमी म्हणजे दर ३० टक्के कमी असं अजिबात होत नाही.

एडीके सूत्रात (टनेलिंगचा दर काढायचं नेहमीचं सूत्र) आर्गॉन घालून बघा. १०^१४ ला लिनियरचं पीक फील्ड ०.०५३४ ॲटॉमिक युनिट. एक्स्पोनंट लिनियरला सुमारे उणे १५.६, सर्क्युलरला उणे २२. या फरकानेच दर सहाशे पटींच्या आसपास पडतो. पण लिनियरमध्ये फील्ड सायकलमध्ये दोनदाच टोकाला जातं, बाकी वेळ कमी असतं, आणि सर्क्युलरमध्ये ते पूर्ण वेळ एकाच किमतीला टिकून राहतं, म्हणून सायकलचं ॲव्हरेज घेतलं आणि प्रीफॅक्टर धरला की शेवटी सर्क्युलरचा दर लिनियरच्या साधारण शंभरावा भाग येतो. हेच २ गुणिले १०^१४ ला केलं तर फरक फक्त १७ पट उरतो. म्हणजे "सर्क्युलरमध्ये इतके पट कमी" असा एकच आकडा नसतोच, तो इंटेन्सिटीबरोबर बदलतो.

आता उलटं करा. पीक फील्ड सारखं ठेवा, म्हणजे सर्क्युलरला इंटेन्सिटी दुप्पट द्या: लिनियर १०^१४, सर्क्युलर २ गुणिले १०^१४. मग त्याच आर्गॉनला त्याच सूत्राने सर्क्युलरचा दर लिनियरच्या जवळपास ५ पट जास्त येतो! अणू तोच, लेझर तोच, निष्कर्ष उलटा.

दोन्ही तुलना बरोबर आहेत, फक्त कुठली केली ते सांगायला हवं. गॅमा १ च्या आसपास असताना एडीके अगदी काटेकोर नसतं, तेव्हा हे आकडे अंदाज म्हणून वापरा आणि अचूक तुलनेला पीपीटी (मल्टिफोटॉनकडेही चालणारं सूत्र) किंवा न्यूमरिकल सोल्यूशन घ्या.

सावध: सिम्युलेशन कोडमध्ये इनपुट इंटेन्सिटी आहे की पीक फील्ड ते उघडून बघा. काही कोड दोन्ही घटकांना पूर्ण ॲम्प्लिट्यूड देतात, १.४१४ ने भागत नाहीत, आणि मग थिअरी-एक्सपेरिमेंटमध्ये दुपटीचा फरक येतो ज्याचं कारण महिनोन्‌महिने सापडत नाही.

टप्पा ३: ऑप्टिक्सचा क्रम

क्रम असा: आधी एनर्जी कंट्रोल (हाफ वेव्ह प्लेट आणि त्यामागे पोलरायझर), मग बीम वळवायचे सगळे आरसे, आणि सगळ्यात शेवटी, चेंबरच्या खिडकीच्या अगदी आधी, क्वार्टर वेव्ह प्लेट. प्लेटनंतर ४५ अंशातला एकही आरसा नको.

कारण सरळ आहे. ४५ अंशावरचा आरसा एस (येणाऱ्या-परतणाऱ्या बीमच्या प्रतलाला काटकोनातला) आणि पी (त्या प्रतलातला) घटकांना वेगवेगळा फेज देतो. डायइलेक्ट्रिक आरसा तर देतोच, चांदीचाही देतो. लिनियर बीम शुद्ध एस किंवा शुद्ध पी असेल तर काही बिघडत नाही, म्हणून लिनियरला सगळं छान दिसतं आणि सर्क्युलर मात्र गुपचूप एलिप्टिकल होतं. जागेअभावी आरसा टाळता येतच नसेल तर एकाच जातीचे दोन आरसे अशा पद्धतीने लावा की पहिल्याचा एस दुसऱ्याचा पी होईल, म्हणजे फेज बराचसा कटतो. ९० अंशाच्या ऑफ-ॲक्सिस पॅराबोलालाही हाच त्रास आहे. चेंबरच्या आत जवळजवळ शून्य अंशात बीम परत फोकस करणारा गोल आरसा असेल तर उत्तम.

प्लेट कुठली घ्यायची? २५ फेम्टोसेकंदांच्या पल्सची बँडविड्थ ३८ नॅनोमीटरच्या आसपास असते. मल्टी-ऑर्डर प्लेट एवढ्या रुंदीत चालत नाही, स्पेक्ट्रमच्या कडांना रिटार्डन्स (दोन घटकांमधला फेजचा फरक) भलताच होतो. झीरो-ऑर्डर घ्या, पल्स अजून छोटा असेल तर ॲक्रोमॅटिक.

आणि लिनियरचं मापन करताना क्वार्टर वेव्ह प्लेट काढून ठेवू नका. ती काढली की काचेचा डिस्पर्शन बदलतो, पल्सची लांबी बदलते, रिफ्लेक्शनचा लॉस बदलतो, मग तुलना कसली? प्लेट जागेवरच राहू द्या आणि तिचा ॲक्सिस येणाऱ्या पोलरायझेशनला समांतर फिरवा, लिनियर तसंच बाहेर येतं.

एलिप्टिसिटी (फील्डच्या एलिप्सचा छोटा अक्ष भागिले मोठा: लिनियरला ०, सर्क्युलरला १) हळूहळू बदलायची असेल तर दोन पर्याय. नुसती क्वार्टर वेव्ह प्लेट फिरवली तर एलिप्टिसिटीबरोबर एलिप्सचा मोठा अक्षही प्लेटबरोबर फिरतो. त्याऐवजी क्वार्टर वेव्ह प्लेट स्थिर ठेवून तिच्या आधी एक वेगळी हाफ वेव्ह प्लेट फिरवा, मग एलिप्स डिटेक्टरच्या तुलनेत जागेवर राहतो. प्लेटच्या ॲक्सिसशी येणाऱ्या पोलरायझेशनचा जो कोन, त्याचा टॅन्जंट म्हणजे एलिप्टिसिटी (४५ अंशांपर्यंत), आणि हाफ वेव्ह प्लेट जितकी फिरवाल त्याच्या दुप्पट पोलरायझेशन फिरतं हे विसरू नका.

सावध: पोलरायझर फिरवताना नाकारलेला बीम बाजूला फेकला जातो. ८०० नॅनोमीटर डोळ्यांना जेमतेम दिसतो, त्यामुळे जे फिकट लाल दिसतं ते खऱ्या पॉवरच्या मानाने काहीच नाही. बीम ब्लॉक आधी लावा, गॉगल घाला, मगच हात लावा.

टप्पा ४: पोलरायझेशन मोजा, माउंटवरच्या आकड्यावर विसंबू नका

चेंबर पंप केल्यावर मोजा, आधी नाही, कारण व्हॅक्यूममुळे खिडकीवर ताण येतो आणि ताणलेली काच थोडी बायरिफ्रिंजंट होते, म्हणजे स्वतःच पोलरायझेशन बदलते. बीम बाहेर निघतो तिथे पोलरायझर आणि पॉवर मीटर लावा. पॉवर खूप कमी करा, नाहीतर खिडकीत आणि पोलरायझरमध्येच नॉनलिनियर परिणाम सुरू होतात. पोलरायझर पूर्ण ३६० अंश फिरवून पॉवर नोंदवा. किमान भागिले कमाल याचं वर्गमूळ म्हणजे एलिप्टिसिटी.

बाहेर जाणारा बीम दोन खिडक्यांतून जातो, म्हणून हेच मोजमाप आत जायच्या खिडकीच्या आधीही घ्या. दोन्हींत फरक मोठा असेल तर खिडकीचे बोल्ट एकसारखे घट्ट आहेत का ते बघा.

आता ०.९ एलिप्टिसिटी म्हणजे "जवळपास सर्क्युलर" असं म्हणून सोडून देतात, त्याचं काय होतं ते बघा. पोलरायझरवर कमाल १ तर किमान ०.८१, म्हणजे १९ टक्क्यांचा फरक, डोळ्यांना काहीच नाही. पण आर्गॉनला १०^१४ वर एलिप्सच्या मोठ्या अक्षाकडे फील्ड असतानाचा टनेलिंग दर हा छोट्या अक्षाकडे असतानाच्या दराच्या ९ पटींहून थोडा जास्त येतो. एकूण यील्डमध्ये हे फारसं दिसत नाही, साधारण २५-३० टक्क्यांचा फरक पडतो, पण इलेक्ट्रॉनच्या रिंगमध्ये दोन ठळक गाठी दिसतात आणि लोक त्याला नवीन फिजिक्स समजतात.

सावध: फिरता पोलरायझर सर्क्युलर आणि अनपोलराइझ्ड यांत फरक करू शकत नाही, दोन्हीला सपाट रेषा येते. म्हणून मधे दुसरी क्वार्टर वेव्ह प्लेट घालून बघा. खरं सर्क्युलर असेल तर ते परत स्वच्छ लिनियर होतं आणि पोलरायझरने जवळपास पूर्ण बंद करता येतं. बंद होत नसेल तर स्पेक्ट्रमभर रिटार्डन्स एकसारखा नाही, प्लेट बदला.

टप्पा ५: इंटेन्सिटी ठरवा, आणि त्यासाठी सर्क्युलरच वापरा

एनर्जी, पल्सची लांबी आणि स्पॉट साइझवरून हिशोब सगळेच करतात: ५० मायक्रोज्यूल, २५ फेम्टोसेकंद, २० मायक्रोमीटर बीम रेडियस घेतली तर ३ गुणिले १०^१४ येतं. सुरुवातीला ठीक, पण फोकस आदर्श नसतो आणि पल्सला पेडेस्टल (मुख्य पल्सच्या आजूबाजूला पसरलेला मंद भाग) असतो, त्यामुळे या आकड्यावर पेपर उभा करू नका.

चांगला मार्ग म्हणजे सर्क्युलरमध्ये इलेक्ट्रॉनचं किंवा रिकॉइल आयनचं मोमेंटम मोजणं. सर्क्युलरमध्ये बाहेर पडलेला इलेक्ट्रॉन परत आयनवर आदळत नाही, त्याला फील्ड भागिले फ्रीक्वेन्सी इतकं ड्रिफ्ट मोमेंटम मिळतं, आणि पोलरायझेशनच्या प्रतलात रिंग तयार होते. २ गुणिले १०^१४ ला रिंगची त्रिज्या ०.९४ ॲटॉमिक युनिट, म्हणजे एनर्जी सुमारे १२ ईव्ही, आणि ती त्या इंटेन्सिटीच्या पॉन्डरोमोटिव्ह एनर्जीइतकीच आहे. रिंगची त्रिज्या वाचा, उलट गणित करा, इंटेन्सिटी मिळाली.

चेक: पल्स एनर्जी निम्मी केल्यावर रिंगची त्रिज्या १.४१४ ने कमी व्हायला हवी. होत नसेल तर बहुधा सॅच्युरेशन आहे, अणू पल्सच्या चढावरच आयनाइझ होऊन जातायत आणि टोकाची इंटेन्सिटी त्यांना दिसतच नाही.

टप्पा ६: गॅस आणि डिटेक्टर

बेस प्रेशर जितकं खाली नेता येईल तितकं न्या आणि गॅस न सोडता एक बॅकग्राउंड स्पेक्ट्रम घ्याच. पाण्याच्या वाफेचं आयनायझेशन पोटेन्शियल १२.६ ईव्ही, म्हणजे झेनॉनच्या अगदी जवळ आणि आर्गॉनपेक्षा सोपं, त्यामुळे चेंबर नीट बेक केला नसेल तर आर्गॉनच्या आधी पाणीच बोलायला लागतं. निऑनवर काम करत असाल आणि लाइनमध्ये कालचा आर्गॉन उरला असेल तर दोनदा आयनाइझ झालेला आर्गॉन बरोबर निऑनच्याच जागी, मास-टू-चार्ज २० ला येतो.

आयन मोजत असाल तर एक्स्ट्रॅक्शन फील्ड एवढं ठेवा की सगळे आयन गोळा होतील. इलेक्ट्रॉन मोजत असाल आणि साधा फील्ड-फ्री टाइम-ऑफ-फ्लाइट असेल तर एकूण यील्डची तुलना करूच नका. लिनियर पोलरायझेशन ट्यूबच्या दिशेला असताना बहुतेक इलेक्ट्रॉन सरळ डिटेक्टरकडे जातात, सर्क्युलरमध्ये ते पूर्ण प्रतलात पसरतात आणि छोट्याशा कोनात फारच थोडे सापडतात. तो फरक भूमितीचा आहे.

व्हीएमआयवाल्यांनी ॲबेल इन्व्हर्जनची (सपाट चित्रावरून त्रिमितीय वितरण काढण्याची) अट पाळावी: सिमेट्रीचा अक्ष डिटेक्टरच्या प्रतलात हवा. लिनियरला तो अक्ष म्हणजे पोलरायझेशनची दिशा, सर्क्युलरला बीम जाण्याची दिशा. एलिप्टिकलला असा अक्षच नसतो, तिथे इन्व्हर्जन चालवलं तर सॉफ्टवेअर सुंदर चित्र देतं आणि ते चुकीचं असतं. एलिप्स वेगवेगळ्या कोनांत फिरवून टोमोग्राफी करा किंवा थेट तिन्ही मोमेंटम मोजणारा डिटेक्टर वापरा.

टप्पा ७: स्कॅन

आधी सगळं लिनियर आणि जेवणानंतर सगळं सर्क्युलर, असं कधीच करू नका. लेझर दिवसभरात सरकतो. क्वार्टर वेव्ह प्लेट ०, ४५, ९०, १३५ अंश अशी आलटून पालटून फिरवत घ्या आणि प्रत्येक कोनाला पल्स एनर्जी आणि प्रेशर नोंदवा.

मग पूर्ण ३६० अंशांचा एक स्कॅन घेऊन यील्ड विरुद्ध कोन असा ग्राफ काढा. ०, ९०, १८० आणि २७० ला चार शिखरं यायला हवीत, चारही सारख्या उंचीची, आणि मधल्या चार दऱ्या सारख्या खोलीच्या. एकच शिखर उंच असेल तर प्लेट थोडी वेजच्या आकाराची आहे आणि फिरताना फोकस हलवतेय. समोरासमोरच्या दऱ्या सारख्या पण शेजारच्या वेगळ्या असतील तर डाव्या आणि उजव्या सर्क्युलरमध्ये फरक आहे, म्हणजे टप्पा ३ किंवा ४ मध्ये काहीतरी राहिलंय. मला विचाराल तर अख्ख्या प्रयोगात हा एक ग्राफ सगळ्यात जास्त सांगतो, आणि काढायला अर्धा तासही लागत नाही.

सॅच्युरेशनच्या वरची तुलना टाका. आर्गॉनचा बॅरियर लिनियरमध्ये २.५ गुणिले १०^१४ च्या आसपास पूर्ण खाली येतो, सर्क्युलरला त्याच्या दुप्पट लागतं. सॅच्युरेशननंतर सिग्नल इंटेन्सिटीच्या दीड घाताने वाढतो, कारण आता फक्त फोकसचा आकार वाढतोय. तिथे काढलेलं लिनियर-सर्क्युलर गुणोत्तर व्हॉल्यूमचं असतं, अणूचं नाही. इंटेन्सिटीचा लॉग-लॉग ग्राफ काढा आणि वक्र वाकायच्या आधीचेच बिंदू वापरा.

टप्पा ८: डेटा वाचताना

डबल आयनायझेशन वेगळं वाचा. लिनियरमध्ये इलेक्ट्रॉन बाहेर जाऊन फील्ड उलटल्यावर परत येतो, पॉन्डरोमोटिव्ह एनर्जीच्या ३.१७ पट एनर्जीने आयनवर आदळू शकतो आणि दुसरा इलेक्ट्रॉन बाहेर काढतो. सर्क्युलरमध्ये तो बाजूला वाहून जातो, म्हणून हेलियम किंवा आर्गॉनच्या डबल आयनायझेशनच्या वक्रातला तो प्रसिद्ध "गुडघा" नाहीसा होतो. हाय हार्मोनिकही (परत आलेल्या इलेक्ट्रॉनमुळे निघणारा जास्त फ्रीक्वेन्सीचा प्रकाश) याच कारणाने जातात आणि त्यांना पूर्ण सर्क्युलर लागतही नाही, ०.१-०.२ एलिप्टिसिटीलाच ते भराभर पडतात. मात्र "सर्क्युलरमध्ये रीकोलिजन कधीच नाही" असा नियम करू नका, मॅग्नेशियममध्ये सर्क्युलर प्रकाशातही गुडघा दिसलाय.

एलिप्टिकलमध्ये इलेक्ट्रॉनची शिखरं मोठ्या अक्षावर शोधू नका. आयनायझेशन सगळ्यात जास्त होतं ते फील्ड मोठ्या अक्षाकडे असताना, पण ड्रिफ्ट मिळतो त्याला काटकोनात, म्हणून शिखरं छोट्या अक्षाजवळ येतात, आणि आयनच्या आकर्षणामुळे अजून काही अंश सरकतात. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातलं २००८ चं ॲटोक्लॉक (कोनावरून वेळ मोजण्याची पद्धत) हाच सरकलेला कोन वाचतं: ८०० नॅनोमीटरची सायकल २.६७ फेम्टोसेकंदांची, म्हणून १ अंश म्हणजे सुमारे ७.४ ॲटोसेकंद. एवढ्या बारीक कोनावरून निष्कर्ष काढायचा असेल तर एलिप्सचा अक्षसुद्धा तितक्याच बारकाईने मोजलेला हवा.

टप्पा ९: डावं-उजवं, आणि ग्राफवर काय लिहायचं

ग्राउंड स्टेटमधल्या नोबल गॅसला एकाच पल्समध्ये डावं सर्क्युलर आणि उजवं सर्क्युलर सारखंच. एकूण यील्डमध्ये फरक आला तर तो ऑप्टिक्सचा. दोन पल्स वापरले की गोष्ट बदलते: पहिला पल्स फील्डच्या उलट दिशेने फिरणारा पी-इलेक्ट्रॉन जास्त सहज काढतो, आयनमध्ये दुसऱ्या दिशेचा जास्त उरतो, म्हणून दुसरा पल्स उलट हाताचा दिला की डबल आयनायझेशन वाढतं. हे २०११ मध्ये थिअरीतून सांगितलं गेलं आणि २०१२ मध्ये आर्गॉनवर मोजलं गेलं. एका फोटॉनच्या आयनायझेशनमध्ये याच्या उलट, फील्डबरोबर फिरणाऱ्याला प्राधान्य असतं, तेव्हा एकीकडचा नियम दुसरीकडे लावू नका.

ग्राफच्या कॅप्शनमध्ये वेव्हलेंग्थ, पल्सची लांबी, तुलना सारख्या इंटेन्सिटीला की सारख्या पीक फील्डला, मोजलेली एलिप्टिसिटी आणि ती चेंबरच्या आधी मोजली की नंतर, एवढं असायलाच हवं. "सर्क्युलर" असा नुसता शब्द नको, "एलिप्टिसिटी ०.९७" असा आकडा द्या, आणि त्याच दिवशीच्या पोलरायझर स्कॅनची फाइल आयन डेटाच्या फोल्डरमध्येच ठेवा.